तसबीर आणि हातमोजा

व्यंगचित्रांची मालिका म्हणजे पोरांचा विषय, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत. 1995 साली भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले, आमच्या कागलातही केबलच्या वायरी गच्चीगच्चीवरून फिरल्या, तेव्हा 'फ्लिन्टस्टोन्स' मुले बघायची आणि आम्ही तेवढ्या वेळात पेपर वाचून घ्यायचो. अश्मयुगातले दोन शेजारी बायकांना चुकवून काहीतरी उद्योग करतात आणि शेवटी सापडतात, एवढे जाता-येता दिसे. ती मालिका 1960 साली अमेरिकेत रात्रीच्या वेळी, थोरामोठ्यांनीही बघावी म्हणूनच सुरू झाली होती, हे फार उशिरा कळले. विषय नवराबायकोच्या संसाराचा. अश्मयुग हे नुसते नेपथ्य.

गेल्या दिवाळीत पुण्याला शिकणारी नात सुट्टीला आली. तिने मला 'द सिम्पसन्स'चा एक जुना भाग दाखवला, मार्च 1990 मधला. मधे मधे थांबवून ती मराठीत सांगत होती. सौ. बाजूला मेथी निवडत बसली होती. ऐकत नाही असे दाखवून ती सगळे ऐकते, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

गोष्ट साधी. होमर नावाचा सुस्त, खादाड नवरा बायकोचा वाढदिवस विसरतो. ऐनवेळी धावत जाऊन भेट आणतो ती बोलिंगचा चेंडू! खेळणारा तो स्वतः, चेंडूवर नावही त्याचेच. मार्ज रागाने तो चेंडू घेऊन खेळायला जाते आणि तिथे तिला शिकवणारा एक गोडबोल्या भेटतो. तो तिचे ऐकतो, तिची तारीफ करतो, तिच्या हाताच्या मापाचा हातमोजा देतो. हा हातमोजा एक दिवस होमरला घरात सापडतो.

इथे मी जरा सावरून बसलो. कारण हा प्रवेश आपण मराठी माणसांनी रंगभूमीवर कितीदा पाहिलेला आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ'! तिथे हातमोजा नाही, तसबीर आहे. फाल्गुनरावाला बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि सगळा घोटाळा सुरू होतो. देवलांनी हे आधी 1893 साली गद्यात लिहिले. संगीत रूप 1916 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मूळ कल्पना मोलिएरची, 1660 सालची, मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराकडून आपल्याकडे आलेली. म्हणजे संशयी नवरा हा साडेतीनशे वर्षे हमखास हशा मिळवतो आहे.

पण हसू का येते? तसबीर कुठून आली हे प्रेक्षकाला ठाऊक असते. कृत्तिका निर्दोष आहे ही खात्री असते, म्हणून आपण खुशाल हसतो. (ती स्वतःही काही कमी संशयी नाही, हा भाग वेगळा.) देवलांवर माझे निस्सीम प्रेम आहे, तरीही एक तक्रार नोंदवतो. गैरसमज फिटला की फाल्गुनराव सुटतो. संशय खोटा ठरला, संपले! तो नवरा म्हणून कसा होता, हा प्रश्न पडद्याबरोबर खाली जातो.

त्या चित्रमालिकेत तशी सोय नाही. हातमोजा खोटा नाही. मार्जचे मन खरोखरच डळमळलेले आहे आणि तिला तिथवर लोटणारा होमरच आहे. हे त्या मठ्ठ माणसालाही कळते. तो आरडाओरडा करीत नाही, जाब विचारीत नाही. सकाळी कामाला निघताना बायकोने बांधून दिलेला डबा घेतो आणि ती सँडविच किती नीट बनवते, एवढेच अडखळत सांगतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग तो जातो. मार्जही निघते, त्या दुसऱ्याला भेटायला. रस्त्याला फाटा येतो आणि ती गाडी नवऱ्याच्या कारखान्याकडे वळवते. या भागाला त्या वर्षीचे एमी पारितोषिक मिळाले.

आता थोडे माझे. 1984 च्या पावसाळ्यातली गोष्ट. सौ. मुरगूडच्या बाजूच्या एका गावात शिक्षिका होती आणि बाहेरून बी.ए. करीत होती. शाळेतले आणखी दोघे-तिघे तोच अभ्यास करीत; पुस्तके एकमेकांत फिरत. एका संध्याकाळी एस.टी. आली नाही, तेव्हा त्यांतल्या एका गुरुजींनी तिला स्कूटरवरून गैबी चौकात आणून सोडले. ती घरी पोचायच्या आत मला पानपट्टीवर बातमी मिळाली होती. जेवताना तिने आपण होऊनच सांगितले. मी 'बरं' म्हणालो.

त्यानंतर आठ दिवस मी एका शब्दाने काही विचारले नाही, आणि या माझ्या संयमाचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान होता. आवाज चढवला नाही, ताट भिरकावले नाही. नुसता खाली मान घालून जेवत असे आणि भाजीत मीठ नसले तरी सांगत नसे. तिने बदली मागून घेतली. बी.ए.चे पहिले वर्ष झाले होते. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरलाच गेला नाही. कंटाळली असेल, असे मी धरून चाललो. होमर गप्प बसला आणि मीही गप्प बसलो, पण त्याच्या गप्प बसण्यात बायकोला जायची मोकळीक होती. माझ्या गप्प बसण्यात काय होते, ते मी इथे छापायचे कारण नाही.

मत्सराला दर वेळी माणूसच लागतो असेही नाही. आमच्या कागलचे आनंद यादव यांच्या 'नटरंग'मधला गुणा आठवा. 2010 च्या चित्रपटामुळे तो घरोघर पोचला. पैलवानी अंगाचा हा मजूर फडासाठी नाच्या होतो. दारकीचा जीव जळतो तो फडातल्या बाईमुळे जळतोच, पण मला वाटते तिची खरी सवत ती कलाच आहे. नवऱ्याचे सगळे लक्ष तिकडे गेलेले, घरात दाणा नाही आणि वर लोकांचे टोमणे. तिला संशयी म्हणून कसे चालेल? होमरच्या घरीही तो दुसरा पुरुष येण्याच्या कितीतरी आधी चेंडू येऊन बसलेला होता.

अर्थात चित्रातल्या माणसांना एक सवलत आहे. 1989 पासून त्या घरातली पोरे शाळेतच आहेत, मार्जचे केस तसेच निळे, आणि होमर पुढच्या आठवड्याला पुन्हा काहीतरी विसरायला मोकळा. त्यांचे मागचे साचत नाही.

भाग संपला. नातीने विचारले, "आज्जी, आबांनी तुला कधी असलं काही प्रेझेंट दिलंय?"

सौ.ने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. मला 1983 चा पाडवा आठवला. ओवाळणीत मी हिला टेपरेकॉर्डर घातला होता, बरोबर नाट्यसंगीताच्या दोन कॅसेट. हिला आवडतात भावगीते. वर्षभर रोज रात्री मीच तो लावून बसत असे.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा तो टेपरेकॉर्डर माळ्यावर आहे का हो अजून?"

मी शिडी आणायला उठलो.