गाडी नेऊ नका, नंबर लिहून घेतात

जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे ठरले की आमच्या घरी अम्मीचे एक वाक्य ठरलेले असते, "जायचं तर जा, पण गाडी नेऊ नका. नंबर लिहून घेतात." तुमच्याही घरी कुणीतरी म्हणतच असेल.

नंबरावरून काय कळते? धाराशिव जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच २५ असते. पुढचे आकडे टाकले की परिवहन खात्याच्या नोंदीत मालकाचे नाव-पत्ता मिळतो. पण गाडी कोणी आणली, का आणली, हे त्यात नसते. आपल्याकडे एक मोटारसायकल चार घरे वापरतात. सकाळी भाईजान, दुपारी मुलगा, संध्याकाळी दवाखान्यात जायला शेजारी. सातबाऱ्याच्या कामाला आलेल्या शेतकऱ्याची गाडीही धरण्याशेजारीच उभी असते. यादीत सगळे सारखेच.

अशा यादीतून काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. जॉन कॅट हे ब्रायटनचे वृद्ध गृहस्थ. शस्त्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याविरुद्धच्या निदर्शनांना जायचे आणि तिथे बसून चित्रे काढायचे. निदर्शनांजवळ दिसलेल्या त्यांच्या गाडीचा नंबर पोलिसांच्या संगणकात गेला. २००५ मध्ये लंडनमध्ये कॅमेऱ्याने तो नंबर ओळखला आणि ८० वर्षांच्या कॅट यांना मुलीसह दहशतवादविरोधी कायद्याखाली अडवले. कोणत्याही गुन्ह्यात त्यांना शिक्षा झालेली नव्हती. पोलिसांनी आपल्याविषयी जमवलेल्या नोंदींविरुद्ध ते लढत राहिले. २४ जानेवारी २०१९ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या नोंदी ठेवल्याने त्यांच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचे सांगितले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते! न्यूयॉर्क पोलिसांनी तर मशिदींबाहेरच्या गाड्यांचेही नंबर टिपले होते.

रस्त्यावरचा नंबर पोलिसांनी वाचणे हा काही गुन्हा नाही. वाहतुकीसाठी, चोरीच्या गाडीसाठी ते लागतेच. प्रश्न पुढचा आहे. ती वही कशासाठी, किती दिवस, कोणाच्या हातात? शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितले. म्हणून नोंद करणाऱ्याला "साहेब, हे कशासाठी?" असे अदबीने विचारायला हरकत नाही. हुज्जत मात्र घालू नये.

आणि एक घरचे काम. विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर आहे का, ते आजच पाहा. १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते; आपण ओळखीवर चावी देऊन मोकळे होतो. मग नवा मालक कुठेही गेला तरी नाव तुमचेच निघते.

अम्मीला मी एवढेच सांगितले, की गाडी नेईन, पण रस्ता अडणार नाही अशी लावीन. ती म्हणाली, "मग कागदं डिक्कीत ठेव."