आठवीतला जाहिरातदार : ग्राहक प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



नट, क्रिकेटपटू आणि इन्स्टाग्रामवरचे इन्फ्लुएन्सर मोबदला घेऊन एखाद्या वस्तूची भलामण करत असतील, तर त्यांनी तसं उघड सांगायला हवं, असं आपण जून 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांत घालून दिलंत. चांगलं केलंत. पण शिफारस करणारा एक जण त्या चाळणीतून निसटला आहे. तो आठवी-नववीत शिकतो, त्याला गेम कन्सोल हवा आहे आणि ‘माझ्या लिंकवरून रजिस्टर कर ना यार’ असं तो अख्ख्या वर्गाला पाठवतो आहे.

प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021मध्ये आला, तो 49,990 रुपयांना. मध्यमवर्गीय घरात एवढ्या किमतीची वस्तू मागून मिळत नाही. मिळालीच तर दहावीच्या टक्क्यांची अट घालून मिळते. अशा मुलाला कोणी ‘मित्र आणा, कन्सोल मिळवा’ म्हटलं, तर तो अटी वाचत बसणार नाही. मोठी माणसंही वाचत नाहीत.

मित्रांमार्फत होणाऱ्या विक्रीला माझा सरसकट विरोध नाही. कन्सोल मुळात मित्रांमुळेच खपतो. शेजारच्या मुलाकडे जो असेल तोच आपल्याकडे हवा, म्हणजे डिस्क अदलाबदल करता येतात आणि रात्री ऑनलाइन एका संघात खेळता येतं. कंपनीची कमाईही खोक्यापेक्षा त्यावर नंतर विकल्या जाणाऱ्या गेम आणि सबस्क्रिप्शनमधून जास्त होते. त्यामुळे नवा सदस्य आणण्यासाठी ती चार पैसे सोडायला तयार असते. यात लबाडी नाही. मायक्रोसॉफ्टने 2023मध्ये गेम पास या आपल्या सबस्क्रिप्शनच्या सदस्यांना पाच मित्रांपर्यंत पीसी गेम पासची 14 दिवसांची चाचणी देण्याची मुभा दिली. आकडा ठरलेला, मुदत ठरलेली, मित्राला काय मिळणार तेही स्पष्ट. अशा योजनेबद्दल मी आपला वेळ घेतला नसता.

अडचण आहे ती ‘फुकट कन्सोल’वाल्यांची. हा प्रकार अमेरिकेने वीसेक वर्षांपूर्वीच भोगला आहे. तिथे ग्रॅटिस इंटरनेट नावाच्या कंपनीने आयपॉड ‘फुकट’ द्यायला सुरुवात केली. अट अशी, की आधी तुम्ही एखाद्या प्रायोजकाची ऑफर घ्यायची, मग पाच मित्रांना आणायचं आणि त्या पाचही जणांनी तेच करायचं. आयपॉड खरोखर घरी आलेलेही लोक होते आणि त्यांच्यामुळेच बाकीच्यांचा विश्वास बसला. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनची आमिषं दाखवणाऱ्या योजनाही याच वळणाने निघाल्या.

आता गणित मांडू. एकाने पाच आणायचे, त्या पाचांनी पंचवीस. दहाव्या पायरीवर 97,65,625 नवे लोक लागतात. बाराव्या पायरीवर 24 कोटींहून जास्त, म्हणजे 2011च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. साखळी कोणत्याही थरावर थांबली तरी वस्तू मिळालेल्यांपेक्षा न मिळालेले कितीतरी जास्त असणार, हे योजना आखतानाच ठाऊक असतं. पूर्वी संतोषीमातेच्या नावाने पोस्टकार्डं यायची, अमुक इतक्या जणांना लिहून पाठवा नाहीतर कोप होईल म्हणून. त्या कार्डात निदान कोणाचा फोन नंबर तिसऱ्याला विकला जात नव्हता.

अमेरिकेत नेमकं तेच झाल्याचा आरोप होता. वचन मोडून लाखो लोकांची माहिती विकल्याबद्दल न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मार्च 2006मध्ये ग्रॅटिसवर दावा ठोकला. त्याच महिन्यात, ही माहिती घेणाऱ्या डेट्रान मीडियाने 11 लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे मार्च 2008मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ‘फुकट’ भेटींच्या जाहिराती करणाऱ्या व्हॅल्यूक्लिककडून 29 लाख डॉलर वसूल केले. वस्तू मिळवायला ग्राहकाला पदरचे पैसे घालावे लागणार असतील, तर ते ठळकपणे सांगा, असं बंधनही घातलं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. पोचवण्याच्या आणि प्रतिसादाच्या अटळ खर्चापलीकडे काही मोजावं लागत असेल तर वस्तूला ‘फुकट’ म्हणायचं नाही, हे 2022च्याच तत्त्वांत आहे. नोव्हेंबर 2023मध्ये आपण तेरा ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या, ठरवलेत. त्यात सेवा मिळवण्यासाठी ग्राहकाला त्याच्या ओळखीच्यांचे तपशील द्यायला भाग पाडणं निषिद्ध आहे. पण इथे भाग कोणी पाडतच नाही, नुसतं आमिष दाखवतात. मुलगा हौसेने आपली कॉन्टॅक्ट लिस्ट उघडतो. त्यातल्या मावशीने, शिकवणीच्या सरांनी किंवा वर्गातल्या मुलीने आपला नंबर कंपनीला दिलेला नसतो. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल मानतो आणि त्यांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातीला मनाई करतो. पण ती जाहिरात दुसऱ्या मुलाच्या बोटातून आली, तर दोषी कोण? मला वाटतं, बक्षीस लावणारी कंपनीच. पण मला वाटून काय उपयोग, तसं आपण लिहून द्यायला हवं.

म्हणून विनंती एवढीच, की रेफरल योजनांसाठी वेगळं परिपत्रक काढावं. लिंक उघडताच पाठवणाऱ्याला काय मिळणार आहे ते समोरच्याला दिसावं. त्यासाठी मुलाला जबाबदार धरू नये, ते वाक्य कंपनीनेच लिंकसोबत जोडावं. बक्षिसाला किती जण लागतील आणि त्या प्रत्येकाला काय खर्च येईल, हे ‘फुकट’ या शब्दाला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं. वाटेत अट बदलता येऊ नये. सात मित्र झाल्यावर ‘आता दहा’ हा खेळ मुलांच्या तोंडून मी ऐकला आहे. आणि अठरा वर्षांखालच्यांना वस्तूच्या बक्षिसाची रेफरल योजना नकोच. या शेवटच्या मागणीवर कंपन्या कुरकुर करतील, वय कसं तपासायचं म्हणतील. सबस्क्रिप्शनचे पैसे घेताना कार्ड कोणाचं ते त्या बरोबर तपासतात.

दिवाळीच्या ऑफर सुरू व्हायच्या आत हे निघालं तर बरं.

आपला,
एक ग्राहक