जुने वाडे ‘धोकादायक’ ठरवून पाडणे थांबवावे व शहराच्या वारसा वास्तूंची यादी तातडीने प्रसिद्ध करावी, यासाठी निवेदन

दि. १८ एप्रिल (जागतिक वारसा दिन)

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय

विषय : शहरातील जुने वाडे, देवळे, घाट व सार्वजनिक इमारती यांचे जतन करणे आणि पावसाळ्यापूर्वीच्या नोटिसांआडून होणारे पाडकाम थांबवणे.

संदर्भ : १) गतवर्षी पावसाळ्यापूर्वी दिलेले आमचे निवेदन.
२) बाजारपेठेतील वाड्याच्या पाडकामाबाबतची लेखी तक्रार.
३) वारसा सप्ताहाच्या कार्यक्रमात आपल्या कार्यालयाने जाहीरपणे दिलेले आश्वासन.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नागरिक, वाडामालक, भाडेकरू, शिक्षक आणि कारागीर आपणांस सविनय सादर करतो की,

आज जागतिक वारसा दिन आहे. त्यानिमित्त आपल्या कार्यालयाच्या दारात शहराच्या वैभवाचा फलक लागला आहे. फलकावर छापलेल्या पाच वास्तूंपैकी एक आता अस्तित्वात नाही. ती कशी गेली हे आम्ही संदर्भ क्र. २ मध्ये लिहून दिले होते. त्याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही, म्हणून तेच पुन्हा मांडावे लागत आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले. त्या दिवशी आपण सर्वांनी मिळून पेढे वाटले आणि ते योग्यच झाले. परंतु मराठ्यांचे राज्य केवळ किल्ल्यांवर चालले नाही. त्याचे हिशेब, सनदा, सावकारी, न्यायनिवाडे आणि अन्नछत्रे आपल्यासारख्या गावांतल्या वाड्यांतून चालली. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याखालचा घाट आहे. नानांचे दफ्तर त्या वाड्यात जपले गेले, म्हणून उत्तर पेशवाईचा कितीतरी इतिहास अभ्यासकांच्या हाती लागला. वाडा पडला की कागद रद्दीत जातात, हे आपल्या शहराने पाहिलेले आहे.

बाजारपेठेतील वाड्याबाबत

आमचे सर्वांत मोठे दुःख हे आहे आणि त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे.

बाजारपेठेच्या टोकाचा चौसोपी वाडा गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पाडण्यात आला. त्याआधी त्याला नगरपरिषद कायद्याच्या कलम १९५ ची नोटीस बजावली गेली. नोटिशीत ‘इमारत मोडकळीस आली असून राहण्यास अयोग्य आहे’ एवढेच वाक्य होते. पाहणी कोणी केली, कधी केली, कोणता खांब वा कोणती तुळई निकामी निघाली, याचा एकही तपशील नव्हता. आम्ही पाहणी अहवालाची प्रत मागितली. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘फाइल बांधकाम विभागात आहे’, ‘फाइल नगररचनेकडे पाठवली’ अशी उत्तरे मिळत गेली. प्रत मिळाली नाही. आमची अशी समजूत झाली आहे की अहवाल मुळात झालेलाच नाही. ही समजूत चुकीची असल्यास अहवाल दाखवून ती दूर करावी.

पाडकाम रविवारी पहाटे सुरू झाले. कार्यालय बंद, तक्रार घ्यायला कोणी नाही. दुपारपर्यंत जेसीबीने दर्शनी भिंत, दिंडी दरवाजा आणि ओसरी भुईसपाट केली. माजघराच्या भिंतीवर चुन्याच्या सफेदीचे थर चढले होते. भिंत कोसळताना त्यांचे पापुद्रे सुटले आणि खाली रंगवलेले चित्र उघडे पडले. गेरूचा लाल, हिरवा रंग, एका हत्तीची सोंड आणि अंबारीचा कोपरा एवढेच दिसले. पुढच्या फटक्यात तेही ढिगाऱ्यात गेले. त्या भिंतीवर चित्र आहे हे आजूबाजूच्या वयस्कर माणसांना ठाऊक होते. संदर्भ क्र. १ च्या निवेदनात आम्ही तसे नमूदही केले होते. ते निवेदन कोणी वाचले असते, तर निदान एक छायाचित्र तरी राहिले असते.

यापुढची गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. पाडकामाच्या दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी ट्रक घेऊन हजर होता. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, त्यांच्या माथ्यावरचे हस्त, महिरपी, तुळया आणि लगी त्याने निवडून, मोजून, घनफुटाच्या भावाने उचलल्या. ट्रकात मावत नव्हता म्हणून एक खांब करवतीने मधोमध कापला. कापलेला भाग आमच्यापैकी अनेकांनी हात लावून पाहिला. आत लाकूड कोरडे, तांबूस आणि लोखंडासारखे टणक होते. किडीचे एक छिद्र नव्हते. ज्या घराचा सांगाडा ‘मोडकळीस आला’ म्हणून नगरपरिषदेने कागदावर लिहिले, त्याच सांगाड्याला बाजारात रोख भाव मिळाला. कुजलेले लाकूड कोणी पैसे मोजून नेत नाही. ‘धोकादायक’ हा शेरा खोटा होता, याला आणखी कोणता पुरावा हवा?

वाड्याचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. मधली वीट किंवा पांढऱ्या मातीची भिंत बहुतेक ठिकाणी केवळ भरण असते. भिंतीला फुगवटा आला, तडा गेला, तरी सांगाडा शाबूत असू शकतो. ते ठरवायला खांबाचा बुंधा जोत्यापाशी टोकरून पाहावा लागतो, तुळईची भिंतीत गेलेली टोके उघडी करावी लागतात, कौलांखालचे वासे बघावे लागतात. रस्त्यावर गाडी थांबवून काचेतून भिंत पाहिल्याने हे समजत नाही. आपल्या शहरात अजून असे वृद्ध सुतार आणि गवंडी आहेत, जे खांबावर नुसता हातोडा वाजवून आत पोकळ आहे की भरीव हे सांगतात. त्यांना कोणी विचारले नाही.

घर धोकादायक होते कसे, हेही आपल्या कार्यालयाला माहीत आहे. आधी एका बाजूची कौले उतरतात. एक पावसाळा पाणी थेट माळ्यावर पडते. मातीची भिंत विरघळते. भाडेकरूंचे नळ तुटतात, मीटर जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात नोटीस येते. कौले उतरली तेव्हा आम्ही कळवले होते. तेव्हा ‘खाजगी मालमत्तेत आम्ही पडू शकत नाही’ असे उत्तर मिळाले. पाडायच्या वेळी मात्र तीच खाजगी मालमत्ता सार्वजनिक धोका झाली.

आम्ही वाडामालकांच्या विरोधात नाही. आमच्यात वाडामालकही आहेत. मालमत्ता पत्रकावर तीन पिढ्यांची नावे, वारस पुण्या-मुंबईत आणि परदेशात, भाडे दरमहा नाममात्र, एका बाजूचे छप्पर शाकारायचे तर भाड्यातून कौलांचाही खर्च निघत नाही. त्यात साध्या दुरुस्तीच्या परवानगीसाठी सर्व हिस्सेदारांच्या सह्या मागितल्या जातात. पाडण्याची नोटीस मात्र जागेवर राहणाऱ्या एकट्याच्या हाती ठेवून काम भागते. दुरुस्ती अवघड आणि पाडणे सोपे, अशी व्यवस्था आपल्या कार्यालयाने करून ठेवली आहे. मग मालकाने बिल्डरला हो म्हटले तर दोष एकट्या त्याचा नाही.

दिलेल्या आणि न पाळलेल्या शब्दांबाबत

पहिल्या निवेदनावर ‘पावसाळा संपताच सर्वेक्षण करू’ असे आपल्या पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. पावसाळा संपला, अधिकाऱ्यांची बदली झाली. नंतर ‘आचारसंहिता उठू द्या’ असे सांगण्यात आले. ती उठली. नोव्हेंबरात वारसा सप्ताहात शाळेच्या मुलांची फेरी निघाली, व्यासपीठावरून ‘वारसा यादीचा मसुदा तयार आहे, पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवू’ असे माईकवर जाहीर झाले आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर सभा झाल्या. मसुदा एकाही विषयपत्रिकेवर आला नाही. यादी नाही म्हणून वाड्याला संरक्षण नाही, आणि संरक्षण नाही म्हणून पाडकाम कायदेशीर, असे आम्हाला ऐकवले जाते. यादी करणे ज्यांचे काम, त्यांनीच यादी नसल्याचे कारण पुढे करावे, हे आम्हाला मान्य नाही.

मोठ्या शहरांची गोष्ट वेगळी, असेही सांगितले जाते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. अहमदाबाद महापालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष उघडला, १९९७ मध्ये पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधून, हेरिटेज वॉक सुरू केला, आणि २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. तिथेही लाकडी घरे आहेत, भाऊबंदकी आहे, जुने भाडेकरू आहेत. पुण्यात १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. विश्रामबागवाडा त्या काळच्या लोकांनी सावरला, म्हणून त्याचे कोरीव खांब आज आपली मुले सहलीत पाहतात. ज्यांच्याकडे आजची यंत्रे नव्हती, त्यांना जे जमले ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या इमारतींबाबत

जुन्या शाळेच्या इमारतीची गेल्या वर्षी ‘दुरुस्ती’ झाली. चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तैलरंग चढवला गेला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट बसले की ओल आत कोंडते, खार फुटतो, विटेचा भुगा होतो आणि तुळयांची टोके सडतात. आजच त्या शाळेच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत पांढरा खार आलेला दिसतो. उद्या हीच इमारत ‘धोकादायक’ म्हणून जाहीर होईल, अशी आम्हाला भीती वाटते. चुन्याची घाणी, भिजवलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी हे काम करणारे गवंडी जिल्ह्यात अजून आहेत. निविदेत त्यांच्या कामाला जागाच ठेवली जात नाही.

मागण्या

१. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी जुन्या वाड्यांना द्यावयाच्या सर्व नोटिसा, प्रत्यक्ष आतून पाहणी करून लेखी अहवाल तयार होईपर्यंत थांबवाव्यात. पाहणी पथकात जुन्या लाकडी बांधकामाचा जाणकार अभियंता आणि अनुभवी सुतार असावा. अहवालाची प्रत मालक, भाडेकरू आणि मागेल त्या नागरिकास द्यावी.

२. ज्या भागाला खरोखर धोका आहे, तेवढ्याच भागाला टेकू देऊन दुरुस्तीचा आदेश द्यावा. संपूर्ण इमारत पाडण्याचा आदेश हा शेवटचा उपाय ठेवावा, आणि रविवारी वा सुट्टीच्या दिवशी पाडकामास सक्त मनाई करावी.

३. पाडकाम अपरिहार्य ठरल्यास त्यापूर्वी वाड्याची मोजमापे, नकाशा आणि छायाचित्रे यांची नोंद करावी. भित्तिचित्रे, कोरीव काम आणि कागदपत्रे आढळल्यास पुरातत्त्व विभागाला कळवल्याशिवाय काहीही हलवू देऊ नये.

४. वारसा यादीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी येत्या महिन्याच्या आत प्रसिद्ध करावा. मसुदा ‘तयार आहे’ असे नोव्हेंबरातच जाहीर झाले असल्याने याला अधिक वेळ लागण्याचे कारण नाही.

५. बाजारपेठेतील वाड्याच्या पाडकामाची चौकशी करून पाहणी अहवाल आणि जबाबदारी निश्चित करणारा निष्कर्ष जाहीर करावा.

६. कौले, वासे, गिलावा यांच्या दुरुस्तीला राहणाऱ्याच्या अर्जावर पंधरा दिवसांत परवानगी मिळावी.

७. जतन केलेल्या वाड्यांना घरपट्टीत सवलत द्यावी.

८. जुन्या शाळेवरील सिमेंटचा गिलावा काढून चुन्यात काम करून घ्यावे.

९. घाट आणि देवळांच्या दर्शनी भागांवरील केबल व फ्लेक्स हटवावेत.

१०. वाड्यांपुढे माहितीफलक लावावेत.

यातील शेवटच्या दोन मागण्या लगेच पूर्ण करून बाकीच्या बाजूला ठेवल्या जातील, असा आमचा पूर्वानुभव आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. पडणाऱ्या वाड्यापुढे माहितीफलक नको आहे. पहिल्या पाच मागण्या मान्य झाल्या तरच बाकीच्यांना अर्थ आहे.

मृगाचा पाऊस दीड महिन्यावर आला आहे. आमच्या माहितीप्रमाणे या वर्षीच्या नोटिसांची यादी बांधकाम विभागात तयार होत आहे आणि तिच्यात वरच्या आळीतील दोन आणि घाटाजवळील एक वाडा आहे. त्यांचे खांब आजही उभे आहेत, त्यांत माणसे राहतात, दिवाबत्ती होते. ते वाचवण्यासाठी नवा निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. आपली एक सही पुरेशी आहे.

तरी कृपया १५ मेपर्यंत मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे. ‘बघू’, ‘करू’ अशी तोंडी उत्तरे आम्ही यापुढे स्वीकारणार नाही. उत्तर न मिळाल्यास १६ मेपासून कार्यालयासमोर शांततेच्या मार्गाने धरणे धरण्यात येईल, याची नोंद घ्यावी. त्यापूर्वी एकाही वाड्यावर जेसीबी लागला, तर त्याची जबाबदारी आपल्या कार्यालयाची राहील.

निवेदन मिळाल्याची पोच आवक क्रमांक आणि सही-शिक्क्यानिशी आजच द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शहरातील नागरिक, वाडामालक व भाडेकरू
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

सोबत : १) पूर्वीच्या निवेदनांच्या पोच घेतलेल्या प्रती. २) पाडकामाच्या दिवशीची छायाचित्रे. ३) शाळेच्या भिंतीची छायाचित्रे.

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
१) मा. जिल्हाधिकारी
२) मा. सहायक संचालक, नगररचना
३) मा. सहायक संचालक, पुरातत्त्व विभाग