पक्षाघाताचं खापर पोटावर

सगळ्या रोगांचं मूळ पोटात असतं, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. त्यामुळे आतड्यातल्या जिवाणूंचा पक्षाघाताशी संबंध असल्याचं संशोधन आलं, तेव्हा एका गटाने ‘आम्ही केव्हापासून सांगतोय’ म्हणत प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घरी आणल्या. दुसऱ्या गटाने सगळ्यालाच थोतांड ठरवलं. रक्तवाहिनी तुंबते कवटीत, तिथे मोठ्या आतड्याचं काय काम? मला दोन्ही गट चुकलेले वाटतात. पण दोघांची चूक सारख्या वजनाची नाही.

थोतांड म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये झालेला अंड्यांचा प्रयोग पाहावा. स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना दोन उकडलेली अंडी खायला घातली आणि त्यांचं रक्त तपासलं. अंड्यातल्या लेसिथिनपासून आतड्यातले जिवाणू एक वायू तयार करतात आणि यकृत त्याचं टीएमएओ नावाचं रसायन बनवतं. ते रक्तात वाढलेलं दिसलं. मग आठवडाभर अँटिबायोटिक देऊन पुन्हा तीच अंडी खायला दिली, तर टीएमएओ जवळजवळ दिसेनासं झालं. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी ते परत आलं. माणूस तोच आणि अंडीही तीच, फरक फक्त जिवाणूंचा. याच गटाने 4,007 हृदयरुग्णांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त होतं, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारे अडीचपट निघाला. हे 2013 साली प्रसिद्ध झालं. रक्तातल्या बिंबाणू या रसायनामुळे जास्त चिकट होतात, हेही पुढे प्रयोगशाळेत दिसलं. तेव्हा संबंध आहे, हे मान्य करावंच लागेल.

पण संबंध आहे म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, आणि कॅप्सूलवाल्यांची गाडी नेमकी इथेच रुळावरून घसरते. समुद्री मासळीत टीएमएओ मुळातच भरपूर असतं. शिळ्या मासळीला जो वास मारतो तो त्याच्याच विघटनातून येतो. मासे खाल्ल्यावर रक्तातलं टीएमएओ अंड्यांपेक्षा कितीतरी जास्त चढतं. हे रसायनच खरा गुन्हेगार असतं, तर मासे खाणाऱ्यांना पक्षाघात अधिक व्हायला हवा होता. तसं दिसत नाही. शिवाय टीएमएओ मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड थकलेल्या माणसात ते साचतं आणि अशा माणसाला पक्षाघाताचा धोका आधीपासूनच असतो. चीनमध्ये ग्वांगझूला तपासलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांत तर ते कमीच सापडलं.

उंदरांचे प्रयोग पुराव्यादाखल नाचवणाऱ्यांनी दोन्ही निकाल वाचावेत. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये अँटिबायोटिक देऊन उंदरांचे जिवाणू बदलले, तेव्हा त्यांच्या मेंदूतली इजा सुमारे 60 टक्क्यांनी घटली. आतड्यातल्या ज्या रोगप्रतिकारक पेशी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन दाह वाढवतात, त्यांना आळा बसला होता. त्याच वर्षी बर्लिनच्या शारिटेमध्ये उंदरांचे जिवाणू पार धुऊन काढले आणि अँटिबायोटिक थांबवल्यावर पक्षाघात घडवला, तर त्यांना आतड्याची तीव्र सूज आली आणि बरेच दगावले. आता यातून कुणी कोणती गोळी विकायची? प्रोबायोटिक घेतल्याने माणसाचा पक्षाघात टळतो, हे दाखवणारी एकही भक्कम चाचणी नाही. दही-ताक खुशाल घ्यावं, चवीसाठी घ्यावं. ते रक्तदाबाच्या गोळीची जागा घेणार नाही. जगभरातले सुमारे 90 टक्के पक्षाघात टाळता येण्याजोग्या दहा कारणांशी जोडलेले आहेत आणि त्यांत उच्च रक्तदाब पहिला येतो, हे इंटरस्ट्रोक या बहुदेशीय अभ्यासाने दाखवलं आहे.

मग माझा पक्ष कोणता? आपण सगळे पोटाकडून मेंदूकडे पाहत बसलो आहोत. खाटेवरच्या रुग्णाच्या उपयोगाची वाट मेंदूकडून पोटाकडे जाते. मेंदूला मार बसला की आतड्यांची हालचाल मंदावते, त्यांचं अस्तर झिरपू लागतं, आतल्या जिवाणूंची घडी विस्कटते. म्युनिकमध्ये पक्षाघात झालेल्या उंदरांचे विस्कटलेले जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले, तर त्या उंदरांच्या मेंदूतली इजा वाढली. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं की पक्षाघातानंतर उंदरांच्या आतड्यातले जिवाणू निसटून फुप्फुसापर्यंत पोचतात. संसर्ग झालेल्या रुग्णांतले बहुतेक जिवाणूही आतड्यात नेहमी सापडणाऱ्या जातींचेच निघाले. पक्षाघातातून वाचलेला माणूस पुढे न्यूमोनियाने जातो, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक द्या. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर हेच करून पाहिलं: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, चार दिवस. लघवीचे संसर्ग घटले, न्यूमोनिया घटला नाही आणि तीन महिन्यांनंतर रुग्णांची स्थिती औषध न दिलेल्यांसारखीच होती. म्हणून सरसकट अँटिबायोटिकचाही आग्रह नको.

घरच्यांच्या हातात जे उरतं ते अगदी साधं आहे. दिवसातून दोनतीनदा रुग्णाचं तोंड स्वच्छ करणं, भरवताना त्याला नीट उठवून बसवणं, बद्धकोष्ठाची तक्रार डॉक्टरांच्या कानावर वेळेवर घालणं, कारण अशा रुग्णांत ती फार आढळते. आणि माणूस कोसळला की शुद्धीवर यावा म्हणून तोंडात पाणी ओतण्याची जी सवय आहे, ती सोडणं. पक्षाघाताने गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. ते पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी नाही, चहा नाही, तोंडावाटे गोळीसुद्धा नाही.