गाडीची पत्रिका

हल्ली गॅरेजात गाडीची नाडी कोणी बघत नाही, पत्रिका बघतात. स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र खुपसायचे, पडद्यावर 'पी ०१३५' हा ग्रह उगवला की मान हलवायची. "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलावा लागेल." शांतीचा खर्च हजारांत, दक्षिणा वेगळी!

या निदानावर माझा जाहीर आक्षेप आहे. पी ०१३५ म्हणजे 'सेन्सर मेला' नव्हे. इंजिनाजवळच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ. धुराच्या नळीत बसून हा सेन्सर उरलासुरला ऑक्सिजन मोजतो. पण सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज स्वारी कामाला लागत नाही. (पहिल्या चहाआधी लेजर न उघडणारी माणसे मी पाहिली आहेत.) म्हणून त्याच्या पोटात हीटर. तो बिघडला की पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडे जास्त पेट्रोल पिऊ लागते.

आता सर्किट म्हणजे हीटर, तारा, प्लग, फ्यूज, कंट्रोल युनिट असे पाच जणांचे कुटुंब. त्यात चोरी झाली म्हणून चौकशीविना थोरल्याला फासावर द्यायचे? चेक परत आला की बँकेत आम्ही खातेदार बदलत नाही; सही, तारीख, शिल्लक बघतो.

तसेच इथे. आधी फ्यूज बघावा. तो दहा-वीस रुपयांत येतो. नवाही उडाला, तर एखादी तार गरम नळीला टेकून वितळली आहे का, ते शोधावे. मग इंजिन थंड असताना सेन्सरचा प्लग सोडवून हीटरच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावावा. चार तारांच्या सेन्सरात या दोघी बहुधा एकाच रंगाच्या, जुळ्या बहिणी. रोध काही ओहम आला आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळला, तर हीटर जिवंत. मग गाडीच्या बाजूने बारा व्होल्ट येतात का ते तपासा. (काही गाड्यांत त्यासाठी इंजिन चालू लागते.) मीटरने काहीच दाखवले नाही, तर मात्र हीटर तुटला. खुशाल सेन्सर बदला, माझी हरकत नाही.

एवढ्या चौकशीला पाऊण तास लागत नाही. पण चौकशीचे बिल होत नाही, सेन्सरचे होते!

ज्योतिषी निदान पत्रिका तरी परत देतो. गॅरेजवाला जुना सेन्सर देत नाही. तो मागून घ्या आणि त्याच्यासमोरच मीटर लावा.