अंमलदाराची झडती कोणी घ्यावयाची?

२०२७ सालचा सिंहस्थ नाशकास आहे. पर्वणी आली की पंचवटीत परगावच्या पोलिसांच्या पलटणी येऊन उतरतात. बंदोबस्त पाहिजेच, २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या गर्दीत येथे ३९ माणसे चेंगरून मेली, ते विसरून चालणार नाही. पण ज्याच्या हाती आपण दंडुका देतो त्याच्यापासून त्या दंडुक्याचा हिशेब कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न कोणी काढीत नाही. तो आम्ही आज काढतो.

पंचवटीला हा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुढारीपणाखाली हजारो अस्पृश्य बंधू काळारामाच्या दर्शनास गेले, तो देवळाचे चारही दरवाजे बंद! दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ बाया त्या दरवाजांपुढे शांतपणे बसल्या. त्यांच्याजवळ काठी नव्हती, धोंडा नव्हता. तरी दारावर हत्यारबंद पोलीस उभे राहिले, मॅजिस्ट्रेट हजर झाले, आणि पोलीस सुपरिंटेंडेंट रेनॉल्ड्स साहेबांनी तर आपली कचेरीच देवळासमोर तंबूत आणून थाटली. पुढे ९ एप्रिलला रामनवमीचा रथ दोन्ही पक्षांनी मिळून ओढावा असे ठरले असता तो रथ पळविण्यात आला व दगडांचा वर्षाव झाला. कद्रेकर नावाचा एक भंडारी तरुण पोलिसांचे कडे फोडून रथापर्यंत गेला आणि रक्ताच्या थारोळ्यात पडला. वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे की पोलिसांचे कडे दगड मारणारांच्या भोवती नव्हते. ते दगड खाणारांच्या आडवे होते.

कोणी म्हणेल, ते इंग्रजाचे राज्य होते. खरे आहे. पण त्या इंग्रजाने १९०२-०३ साली फ्रेझर साहेबांचे कमिशन नेमून, आपले पोलीस खाते लाचखाऊ व जुलमी आहे असे लोक सर्वत्र समजतात, हे आपल्याच कागदावर लिहून तरी घेतले. आपले राज्य होऊन इतकी वर्षे लोटली. आता काय आहे ते पहा.

आमच्या शाळेतील एका मुलाच्या बापाची विहिरीवरची मोटर चोरीस गेली. ठाण्यात त्याला सांगण्यात आले, ‘अर्ज देऊन जा, बघू.’ बिचारा तीन वेळा मजुरी बुडवून गेला. गुन्हा दखलपात्र असेल तर फिर्याद नोंदविलीच पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारीच्या खटल्यात बजावले आहे. पण फिर्याद नोंदविली की चोरीचा आकडा वाढतो, आकडा वाढला की वरचा साहेब जाब विचारतो. म्हणून चोर सापडण्यापेक्षा चोरी झालीच नाही असे दाखविणे सोपे! या ठाण्यात शिपाई वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. तो एका कुणब्याचाच पोर होता, आणि ‘वरून तसे सांगणे आहे’ असे तो खाली मान घालून म्हणाला.

येथेच खरे दुखणे आहे. ओरड झाली म्हणजे शिपाई निलंबित होतो. हुकूम सोडणारा अंमलदार बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात जातो, आणि तेथे तोच कारभार चालू. तपास तरी कोणाकडे? त्याच्याच खात्यातील जोडीदाराकडे. कुंपणाने शेत खाल्ले, त्याचा पंचनामाही कुंपणानेच करावयाचा!

परभणीचे उदाहरण ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दंगल आणि धरपकड. धरलेल्यांपैकी कायदा शिकणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत दोष पोलिसांकडे आला. तरी गुन्हा नोंदवा, हे औरंगाबादच्या खंडपीठास ४ जुलै २०२५ रोजी सांगावे लागले. बरे, एवढ्यावर सरकारने ऐकावे की नाही? ते त्या हुकुमाविरुद्ध दिल्लीस गेले, आणि ३० जुलैला तेथूनही हात हालवीत परत आले. मेलेल्या पोराच्या आईने कोर्टाची पायरी चढावयाची आणि सरकारने आपल्या खजिन्यातून वकील देऊन तिला अडवावयाचे, ही कोणती रीत?

सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंग यांच्या खटल्यात सांगितले होते की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यास प्रत्येक जिल्ह्यात निराळे प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. नाशिक विभागात पाच जिल्हे येतात. अक्कलकुव्याच्या भिल्लाने नाशकास येऊन दाद मागावी, अशी ही सोय! जिल्ह्याजिल्ह्यास प्राधिकरण द्या, एवढी साधी मागणी प्रत्येक आमदाराच्या दारी नेली पाहिजे.

तोवर रयतेने काय करावे? धरावयास आलेल्या अंमलदाराच्या छातीवरील नावाची पट्टी वाचावी. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीनिशी झाला पाहिजे, घरच्यास कळविले पाहिजे, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर ती लेखी करून पोलीस अधीक्षकाकडे टपालाने पाठवावी. नाशिक शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाकडे. तेथेही ऐकले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. टपालाची पावती जपून ठेवावी.

आणखी एक गोष्ट, जी वकील फी घेतल्यावर सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १६१ व्या कलमाप्रमाणे, पोलिसाने कामाच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. सरकारची आगाऊ परवानगी मिळाली तरच दोन वर्षांपर्यंत. ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणणारांची मुदत शेतातच संपते. तेव्हा मार बसला त्याच दिवशी दवाखान्याचा दाखला घ्या, आणि वार, तारीख, वेळ कोणाकडून तरी लिहून घ्या. लिहिणारा नसेल तर गावच्या शाळेत जा. मास्तर पैसे घेणार नाही.