शब्द नसलेल्या सुरावटीचा अर्थ

गाण्याचा अर्थ सांगा म्हटले की तुम्ही आधी कठीण शब्दांखाली रेघ मारता आणि मग शब्दकोश उघडता. पण ज्या सुरावटीत शब्दच नाहीत, तिचा अर्थ कोठे शोधायचा?

आकाशवाणीची संकेतधून घ्या. मागे तंबोऱ्याचा सूर आणि त्यावर व्हायोलिन, एवढेच. माझ्या लहानपणी डिलाईल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गावर, आमच्या चाळीतला दिवस या सुरावटीने सुरू होई. मला ती ऐकली की चहाचा वास आणि नळाला आलेले पाणी आठवे. आजोबांना आम्ही दादाजान म्हणत असू. ते गिरणीत साच्यावर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर दादाजानांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही. तरीही ते पहाटे उठून, तोंड धुऊन रेडिओजवळ बसत. त्यांना त्या सुरांत काय ऐकू येई, हे मी कधी विचारले नाही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ही धून मोबाइलवर ऐकवली आणि अर्थ लिहायला सांगितले. एका मुलीने लिहिले, "कोणीतरी घर सोडून जात आहे आणि मागे वळून पाहत आहे." मी त्यावर लाल रेघ मारली. माझ्या मनात उत्तर ठरलेले होते: सकाळ. ती म्हणाली, "टीचर, मग परीक्षेत कोणता अर्थ लिहायचा?"

घरी आल्यावर ती रेघ मला टोचू लागली. कारण ही सुरावट वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. त्यांचा जन्म १९०७ मध्ये कार्ल्सबाद येथे झाला. ते ज्यू होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते युरोप सोडून मुंबईला आले. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात त्यांनी काम केले आणि १९४६ मध्ये भारत सोडला. म्हणजे खरोखरच घर सोडून आलेला माणूस! त्या मुलीला यातले काहीही ठाऊक नव्हते.

मग तिला ते कोठून कळले? माझ्या मते, सुरांतून. ही धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे असे सांगतात. शिवरंजनीत पाचच स्वर असतात: सा, रे, ग, प, ध. त्यातला गंधार कोमल. तोच गंधार शुद्ध केला की भूप रागाचे स्वर होतात. शाळेत पेटी असेल तर पांढरी एक ही पट्टी सा धरा आणि हे पाच स्वर वाजवा. मग गंधाराची पांढरी पट्टी सोडून तिच्या डावीकडची काळी दाबा. एकच पट्टी बदलली, पण मघाचा मोकळेपणा कोठे गेला? काही शब्दांत सांगता येईल का, पाहा. उर्दूत सांगितले तरी चालेल.

म्हणून, कॉफमन यांचे चरित्र म्हणजेच या सुरावटीचा अर्थ, असे मी मानत नाही. कोणी काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी, हेही मला पटत नाही. ही लग्नाची वरात आहे असे कोणी म्हणाले, तर मी विचारीन, "कोणत्या सुराला तसे वाटले?" दादाजानांना त्या गंधारात कदाचित बंद पडलेली गिरणी ऐकू येत असेल, मला चहा आठवे. सूर तेच होते. ऐकणारा जे घेऊन बसला होता, ते वेगळे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वही मागून घेतली. लाल रेघ खोडता येईना. तिच्याखाली मी तोच प्रश्न लिहिला: कोणत्या सुराला तसे वाटले? वही परत आली, तेव्हा उत्तर लिहिलेले होते: "व्हायोलिन वर जाते आणि परत खाली येते, तेव्हा."